खालच्या मजल्यावरचं सूप

गिरिजक्काची आणि माझी ओळख एका चुकलेल्या बसमुळे झाली, आणि ती बस चुकवली गिरिजक्कानेच.

मी मिरजेहून म्हैसूरला नुकतीच आले होते. एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती. कन्नड नावालाही येत नव्हतं. पहिल्याच महिन्यात प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी एच. डी. कोटेला जायची पाळी आली. बसस्टँडवर गेले तर सगळ्या पाट्या कन्नडमध्ये. गोलगोल अक्षरांच्या त्या जिलब्यांकडे बघून घाबरले आणि चौकशीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आत एक ठसठशीत कुंकवाची, गोऱ्या गोल चेहऱ्याची बाई अबोलीचा गजरा माळून बसली होती.

"एच. डी. कोटे बस?" मी इंग्रजीत विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं. पिशवीवर मिरजेच्या एका कापड दुकानाचं नाव मराठीत छापलेलं होतं.

"कुणाकडे?" तिने चक्क मराठीत विचारलं.

"कुणाकडे नाही हो, कोटेला जायचंय."

"कोटे गाव आहे, मिस. गावाकडं कोण जातं? माणसं माणसाकडं जातात."

मी शिकवते हे तिने कशावरून ओळखलं, मला आजवर कळलेलं नाही. पुढच्या पाच-दहा मिनिटांत तिने माझं सगळं काढून घेतलं. वडील काय करायचे, मी जेवते कुठे, लेडीज होस्टेलच्या सांबारात मीठ किती असतं, सगळं. माझ्यामागे रांग वाढत होती. रांगेतली माणसं चिडण्याऐवजी माझं बोलणं मन लावून ऐकत होती. मराठी कळत नसूनही. एवढ्यात एक लाल बस धुरळा उडवत स्टँडबाहेर पडली.

"ती बघा, गेली तुमची बस," अक्का शांतपणे म्हणाली. "सुम्मने टेन्शन करू नका. दुसरी येती."

सुम्मने म्हणजे उगीच. दुसरी बस येईपर्यंत बन्नीमंटपाजवळच्या तिच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळालेल्या होत्या. मी खोल्या मागितल्याच नव्हत्या.

तिच्या सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचीच. आजेसासरे महाराजांच्या घोडदळात होते. घोडा गेला, दळ गेलं, मराठी तेवढी उरली होती आणि तिच्यातही कन्नड असं मिसळलेलं होतं की कुठे काय संपतं ते समजू नये. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्यावर कन्नडात शिरायचं आणि शेवटी 'अल्लवा?' म्हणून थांबायचं. अल्लवा म्हणजे 'होय ना?' समोरच्याने होय म्हटल्याखेरीज पुढे सरकायचं नाही असा तिचा नियम. मी राहायला गेले त्या दिवशी वडील आता कुठे असतात ते तिने विचारलं. दोन वर्षांपूर्वी गेले, असं मी सांगितलं. तिने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पाप! पाप!"

मी थिजले. वडील साधे पोस्टमास्तर. त्यांनी काय पाप केलं होतं? रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळलं की कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे 'बिचारा'. त्यानंतर अक्काच्या तोंडून मी हजारो पापं ऐकली. भिजलेलं कुत्रं पाप, नापास झालेला शेजारचा मुलगा पाप, निवडणूक हरलेला उमेदवारही पाप. निवडून आलेल्यालाही एकदा म्हणाली होती.

पहिले काही महिने मी तिला अहो-जाहो करायची. एक दिवस ती वैतागली. "अक्का म्हणता आन्‌ तुम्ही म्हणता. दोन्हीतलं काय तरी एक म्हणा." तेव्हापासून ती 'तू' झाली. मी मात्र शेवटपर्यंत 'मिस' आणि 'तुम्ही'. "टीचरला तू म्हटलं की विद्या जाती," असं तिचं म्हणणं. कुणाची विद्या, तिची की माझी, ते तिने स्पष्ट केलं नाही.

खरं सांगायचं तर चौकशीच्या खिडकीवरची बाई म्हणून ती तितकीशी कामाची नव्हती. वेळापत्रक तिच्यामागे भिंतीवर असायचं, आणि ती मान वळवून ते बघायची नाही. "हुणसूरची साडेदहाला सुटती," असं ती इतक्या खात्रीने सांगायची की ड्रायव्हरलाही आपणच उशीर केला असं वाटायचं. पण चुकलेल्या माणसाला ती आत बोलवायची, बाकावर बसवायची, फ्लास्कमधली कॉफी द्यायची. बस चुकल्याबद्दल तिच्यावर रागावलेला माणूस मी एकही पाहिला नाही. मुद्दाम बस चुकवणारे दोघे-तिघे मात्र माहीत आहेत.

अनोळखी माणूस असा तिच्या लेखी नव्हताच. दसऱ्याला बन्नीमंटपावरची मशालींची कवायत सुटली की माणसांचा लोंढा आमच्या गल्लीतून जायचा. अक्का फाटक सताड उघडं ठेवून पाण्याची घागर घेऊन उभी. पाणी पिणाऱ्यांपैकी चार-सहा जण हटकून आत येऊन बसायचे. पण खरी गंमत झाली हिनकलच्या लग्नात.

तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलीचं लग्न हिनकलला होतं. मला सोबतीला घेऊन गेली. हुणसूर रस्त्यावर एकाला लागून एक दोन मंगल कार्यालयं होती. आम्ही आत शिरलो, गुलाबपाणी शिंपडून घेतलं, बसलो. अर्धा तास झाला तरी ओळखीचं कुणी दिसेना. मी हळूच म्हटलं, "अक्का, हे लग्न आपलं नाही."

"मला पण तसंच वाटतंय," ती म्हणाली. पण एव्हाना तिच्या शेजारी नवऱ्यामुलाची आत्या बसली होती, आणि त्या आत्याची आपल्या गुडघेदुखीची अर्धी हकिगत सांगून झाली होती. "अर्ध्यातून कसं उठायचं? बरं दिसंल का?"

आम्ही जेवलो. अक्षता टाकल्या. अक्काने आणलेलं स्टीलचं तपेलं नवऱ्यामुलीच्या हातात दिलं. फोटोत उभ्या राहिलो. मग शेजारच्या कार्यालयात जाऊन दुसऱ्यांदा जेवलो, तिथे रिकाम्या हाताने. पुढे त्या चुकीच्या घरचं बारसं, मुंज, गृहप्रवेश, कशाचंही आमंत्रण अक्काला आल्याशिवाय राहिलं नाही. बरोबरच्या घराने मात्र तपेलं दिलं नाही म्हणून कायमचा अबोला धरला.

तिला एकच मुलगी, शर्मिला. यजमान मुलगी शाळेत असतानाच गेले. शर्मिला आईच्या अगदी उलट. कमी बोलणारी, पुस्तकात डोकं, दारात पाहुणा आला की मागच्या दाराने माझ्याकडे वर पळून यायची. हुशार फार. शिकत शिकत थेट पोर्तुगालला पोचली. आवेइरू नावाच्या समुद्राजवळच्या गावातल्या विद्यापीठात चिनी मातीवर संशोधन करायची. अक्का सगळ्यांना सांगायची, "माझी पोरगी परदेशात माती कालवती."

दर रविवारी फोन यायचा. अक्काचा पहिला प्रश्न ठरलेला. तू काय खाल्लंस, हा नव्हे. "कोण भेटलं?"

आधी आधी उत्तर यायचं, "कुणी नाही." मग केव्हातरी फोनवरच्या बोलण्यात एक आजी आल्या. शर्मिलाच्या इमारतीत अगदी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. त्या म्हणे शर्मिला थकून आली की वाडगाभर गरम सूप पाठवतात. थंडीत विचारपूस करतात. अक्काचा जीव भांड्यात पडला. गल्लीतल्या फुलवालीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या सूपाची कीर्ती माहीत झाली. "परदेश परदेश म्हणून घाबरवतात. सुम्मने. तिथं पण माणसंच आहेत, अल्लवा?"

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी अक्काने पोर्तुगालला जायचं ठरवलं. विमान बदलावं लागतं म्हणून शर्मिलाने मला गळ घातली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोबत निघाले. सामानात एक पत्र्याचा डबा होता, भरून कोडबळी. तांदळाच्या पिठाची ती खमंग कडी म्हैसूरच्या घराघरांत होतात. "सूपवाल्या आजींना," अक्का म्हणाली. त्या डब्याला विमानात मीच काय, वैमानिकानेसुद्धा हात लावायचा नव्हता.

आवेइरू छान गाव. मधून कालवे, कालव्यांतून रंगवलेल्या लांबुळक्या होड्या, भिंतींवर निळ्या नक्षीच्या फरश्या. अक्काला आवडलं. पण पोचल्या दिवसापासून तिचं एकच, "आजींकडं कधी जायचं?" शर्मिला म्हणायची, त्या गावाला गेल्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाली, त्यांची तब्येत बरी नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, इथं असं न विचारता कुणाकडे जात नाहीत. गावाला गेलेल्या आजी आजारी कशा पडल्या हे अक्काने विचारलं नाही. मला जरा नवल वाटलं.

शुक्रवारी सकाळी शर्मिला सायकल घेऊन कामाला गेली. जाताना बजावून गेली, "आई, कालव्याकाठी फिरा, आइसक्रीम खा, पण कुणाचं दार वाजवू नकोस हं."

सायकल कोपऱ्यावर वळली आणि अक्काने डबा काढला.

खालच्या मजल्यावर दोनच दारं होती. एकावर दातांच्या डॉक्टरची पाटी, दुसऱ्याच्या खिडकीला लेसचा पडदा आणि लाल फुलांची कुंडी. अक्काने दुसरं वाजवलं. दार उघडलं ते सत्तरीच्या एका ठेंगण्या बाईने. आखूड पांढरे केस, काळा स्कर्ट, हातात चाकांची बाजाराची पिशवी. नाव दोना लुर्देस. दोना म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं. तिने तरुणपणी अमेरिकेत शिवणाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे इंग्रजी येत होतं, तोडकंमोडकं पण बिनधास्त.

मी इंग्रजीत सांगितलं, ही तिसऱ्या मजल्यावरच्या शर्मिलाची आई. तुम्ही तिला सूप देता, त्याचे आभार मानायला आली आहे.

दोना लुर्देसने कपाळाला आठ्या घातल्या. "कोण? ती सायकलवाली मुलगी? तिच्याशी मी कधी बोललेसुद्धा नाही. जिन्यात दिसते, मान खाली घालून निघून जाते. सूप? नाही बाई, तुमची काहीतरी चूक होतेय."

अक्का डबा पोटाशी धरून, हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, त्यात काय एवढं, आभार कसले."

अक्काचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्यावरून हलेनात. ती आयुष्यभर खिडकीत बसून माणसांचे चेहरे वाचत आलेली. "मिस, तुम्हाला खोटं बोलायला येत नाही. सूप ह्यांनी दिलेलं नाही. अल्लवा?"

मी मान हलवली.

तिने एकदा वर जिन्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "पाप." मला वाटलं, आता ही वर जाऊन रडणार. मी तिच्या दंडाला हात लावला. पण तिने एक उसासा टाकला, डब्याचं झाकण उघडलं आणि डबा दोना लुर्देसच्या नाकासमोर धरला.

दोना लुर्देसने एक कडं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि चावलं. कडाडकन आवाज झाला. तिने तोंडावर हात ठेवला. मला भीती वाटली, कवळी गेली की काय. पण ती हसायला लागली, शेजारच्या डॉक्टरच्या पाटीकडे बोट दाखवत. "हे त्यानेच पाठवलं असणार!" मी भाषांतर केलं आणि अक्काही खो खो हसत सुटली. दोघी दाराच्या चौकटीला धरून हसत होत्या.

"त्या कुठं चालल्यात विचारा," अक्का म्हणाली.

दर शुक्रवारी ती बसने कोश्ता नोव्हाला जायची. समुद्राकाठचं गाव, तिथे ताजी मासळी मिळते.

"सांगा, आम्ही पण तिकडंच चाललोय."

बसस्टँडवर अक्काने आधी सगळं नजरेखालून घातलं. चौकशीची खिडकी नव्हती. काचेत एक यंत्र होतं, त्याच्यावर गाड्यांच्या वेळा आपोआप बदलत होत्या. "ह्याला कोण विचारणार कसं आहेस म्हणून?" तिने मला विचारलं. मग बसमध्ये ती थेट ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसली. वाटेत दीपगृहाच्या थांब्यावर ड्रायव्हर पाय मोकळे करायला उतरला, तर ही पण उतरली. मी खिडकीतून बघतेय, तर दोना लुर्देसच्या मदतीने तिने त्याला पटवून दिलं होतं की आपण दोघं एकाच खात्यातले. ड्रायव्हरने एक कोडबळं खाल्लं, दुसरं करंगळीत अंगठीसारखं घातलं आणि तसंच घालून पुढे बस चालवली. अक्का मला म्हणाली, "हात चांगला आहे पोराचा."

पोर निदान पन्नाशीचं होतं.

कोश्ता नोव्हाला उतरल्यावर अक्का थबकली. पाण्याकाठी ओळीने लाकडी घरं, आणि सगळी उभ्या पट्ट्यापट्ट्यांची. लाल-पांढरी, निळी-पांढरी, हिरवी-पांढरी.

"अय्यो मिस, सगळ्या घरांनी पायजमे घातलेत!"

मी हे दोना लुर्देसला सांगितलं. ती म्हणाली, जन्मभर ही घरं बघतेय, आता यापुढे पायजम्यांशिवाय दुसरं काही दिसणार नाही. एका निळ्या घरासमोर एक म्हातारा स्टुलावर बसून पट्टा रंगवत होता. अक्का त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहिलं, मग मान तिरकी केली, आणि हाताने खूण केली की पट्टा डावीकडे चाललाय. म्हातारा वळला. साडी, कुंकू, गजऱ्याच्या जागी खोवलेलं लुर्देसच्या कुंडीतलं लाल फूल, सगळं त्याने एकदा नीट पाहून घेतलं आणि मुकाट्याने ब्रश तिच्या हातात दिला. अक्काने पदर खोचला आणि हातभर पट्टा रंगवला. तोही डावीकडेच गेला. म्हाताऱ्याने टोपी काढून तिला सलाम केला.

त्याचं नाव आर्मांदू. दोना लुर्देस त्याच्याशी बराच वेळ बोलत राहिली. परत येताना तिचे गाल जरा लाल झालेले. "दर शुक्रवारी या माणसाला बघते," ती म्हणाली, "कित्येक वर्षं. बोलले आज पहिल्यांदा."

बाजारात मासळी घेतली. मग भाजीच्या गाळ्यावर दोना लुर्देसने 'बताता' मागितला आणि अक्काने कान टवकारले. पालेदार हिरव्या गड्डीला ती 'कोव्ह' म्हणाली, आपल्या कोबीच्या जवळचं. पाव घेताना पाव हाच शब्द नाकात म्हणाली. अक्काने मला कोपर मारलं. "मिस, ह्या मराठीच बोलतात की! नुसतं सर्दी झाल्यासारखं." पाच मिनिटं ती प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून मराठी नाव सांगत सुटली. अननस जमलं. वांग्यावर गाडी अडली. भाजीवाल्याला एवढी मजा आली की त्याने एक पपई फुकट दिली, आणि तिचं नाव दोन्हीकडे पपईच निघालं.

दुपारी आम्ही खाडीसमोरच्या बाकावर बसलो. दोना लुर्देसने टपरीवरून गरम, लुसलुशीत, घडी घातलेली धिरडी आणली होती, दालचिनी भुरभुरवलेली. वारा सुटला होता. एक तरुण जोडपं येऊन साडीतल्या अक्काबरोबर फोटो काढून गेलं. नंतर एक मुलगी, मग तिचा कुत्रा. अक्काचं खाणं संपलं. तिने बोटं पुसली.

"मिस, आता मी बोलते ते नीट सांगा. काही गाळू नका."

आणि ती दोना लुर्देसकडे वळून मराठीतच बोलायला लागली. "माझी पोरगी माझ्याशी खोटं बोलली. म्हणाली, खालची आजी मला सूप देती. मला काळजी वाटू नये म्हणून बोलली. कुणाशी बोलायला येत नाही तिला, लहानपणापासून. मला राग नाही. पण परवा आम्ही जाणार. ती खोटारडी ठरायला नको." ती थांबली. "तुम्हाला कुठलं सूप येतं?"

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

दोना लुर्देस पाण्याकडे बघत राहिली. वाटलं, रागावली. मग म्हणाली, "अमेरिकेत गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आईला सांगायचे, शेजारी एक इटालियन बाई आहे, रविवारी मला जेवायला बोलावते. तशी बाईच नव्हती. रविवारी मी पलंगावर बसून पाव खायचे." ती अक्काकडे वळली. "माझी आई कधी आली नाही बघायला."

मी मराठीत सांगितलं. अक्काने तिचा हात हातात घेतला. दोना लुर्देसने नाक शिंकरलं आणि बाजाराची पिशवी उचलली. "चला. बटाटा आहे, कोव्ह आहे. सूपाला वेळ लागतो."

शर्मिला सहाच्या सुमारास परतली. आम्ही खालचं दार उघडंच ठेवलं होतं. जिन्याशी सायकल टेकवताना तिने आतून आईचा आवाज ऐकला आणि दारात येऊन खिळून उभी राहिली. मी तिचा तो चेहरा अजून विसरले नाही. लहानपणी परीक्षेत कमी मार्क पडले की असा व्हायचा.

अक्का बटाटे घोटत होती. मागे न बघता म्हणाली, "आलीस? अगं, तुझ्या सूपवाल्या आजींचे आभार मानायला आले आन्‌ बसलेच. किती वाखाणतात तुला!"

शर्मिलाने दोना लुर्देसकडे पाहिलं. आता ही काय बोलते, अशी भीती तिच्या नजरेत होती.

दोना लुर्देसने वाडगा भरला, वर ऑलिव्हचं तेल सोडलं आणि टेबलावर ठेवला. नाव उच्चारायला तिला जरा अडखळायला झालं. "शार-मिला," ती म्हणाली, "बस. नेहमीसारखं गार करून खाऊ नकोस."

नेहमीसारखं! मी घाईघाईने माझ्या वाडग्यात तोंड घातलं. शर्मिला बसली. एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि मग तिचे डोळे वाहायला लागले. "गरम आहे," ती म्हणाली. तिने तीन वाडगे संपवले. तिसऱ्या वाडग्याच्या वेळी तिने स्वतःहून दोना लुर्देसला विचारलं, यात काय काय घालता. मला वाटतं, त्या देशात तिने कामाशिवाय कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

परतीच्या विमानात मी अक्काला म्हटलं, "तुला खरंच राग नाही आला?"

"कशाचा?" ती म्हणाली. "लोकांची पोरं खोटं सांगतात, मोठी गाडी घेतली, बंगला घेतला. माझ्या पोरीनं खोटं सांगितलं ते शेजारणीचं. म्हणजे तिला कळतं काय पाहिजे ते." एवढं बोलून ती पलीकडच्या सीटवरच्या माणसाकडे वळली. तो केरळचा नर्स होता आणि त्याच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं.

मायलेकी त्या सूपाबद्दल पुढे कधी बोलल्या नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही. पण रविवारचे फोन बदलले. आता शर्मिला दोना लुर्देसच्या तक्रारी सांगायची. सायकल जिन्यात ठेवते म्हणून ओरडतात, शुक्रवारी बाजाराला ओढून नेतात, रंगवाल्या आर्मांदूकाकांनी दिलेली मासळी साफ करायला लावतात. अक्का रंगात येऊन ऐकायची. "भांडण झालं ना? मग आता खरं," असं फोन ठेवल्यावर म्हणाली होती.

मी निवृत्त झाले आणि मिरजेला परत जायचं ठरवलं. अक्का पंचाहत्तरीपुढची. नको म्हटलं तरी सकाळी स्टेशनवर आली, मला गाडीत बसवायला. डब्यात चढून माझी पिशवी स्वतःच्या हाताने बर्थखाली सरकवली. समोरच्या बर्थवर एक तरुण बाई होती, मांडीवर तान्हं मूल आणि शेजारी सासू. मूल रडत होतं. अक्का म्हणाली, "पाप, पोट दुखत असंल," आणि बाळाच्या पोटावर हात फिरवायला जी बसली ती बसलीच. शिट्टी झाली. मी म्हटलं, "अक्का, उतर!" ती म्हणाली, "झालं, झालं, झोपतंय." गाडी हलली. बाळ झोपलं. म्हैसूर मागे राहिलं आणि अक्का विनातिकीट आमच्याबरोबर निघाली.

मी घाबरीघुबरी झाले. ती नाही. "परवागिल्ला, काही होत नाही, मंड्याला उतरते. मागं येणाऱ्या गाडीनं जाते." मंड्यापर्यंत तिने सासू-सुनेत मिटेल तेवढं मिटवलं, तिकीट तपासनीस आला त्याला कॉफी घ्यायला लावली. त्याने दंडाची पावती लिहिली, आणि मग आपल्या आईच्या मोतीबिंदूबद्दल अक्काचा सल्ला घेतला.

मंड्याला गाडी थांबली. मी तिला हात धरून उतरवलं. म्हटलं, "अक्का, मी उभी राहते दारात. गाडी सुटेपर्यंत इथंच थांब, नीट बघून घेते तुला." ती म्हणाली, "थांबते की." माझे डोळे भरून आले होते. मी पाणी पुसायला रुमाल काढला, पुसलं, वर बघितलं.

अक्का जागेवर नव्हती. फलाटावर थोडं पलीकडे, उसाची मोळी शेजारी ठेवून एक खेडवळ कुटुंब जेवणाचा डबा उघडून बसलं होतं. त्यांनी सतरंजीचं एक टोक तिच्यासाठी मोकळं केलं होतं आणि ती ऐसपैस मांडी घालून बसली होती. हातात त्यांच्यातली अर्धी भाकरी. काहीतरी सांगत होती, आणि सगळं कुटुंब घास तसाच हातात धरून ऐकत होतं. गाडी सुटली. मी दारातून जोरजोरात हात हलवला. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्याने तेवढा मला हात केला. अक्काचं माझ्या गाडीकडे लक्षही नव्हतं.